दुपारच्या झोपेचा नकाशा

चमचा पडला.

ओट्यावरच्या जाळीत भांडी उपडी घातली होती. त्यातून एक छोटासा चमचा, कुणी हातही लावलेला नसताना, आपणहून घसरला आणि फरशीवर टण्णकन वाजला. तोवर घरात इतकी शांतता होती की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू येत होता. मी श्वास धरून बसले. आतल्या खोलीतून आधी पांघरुणाची चुळबुळ आली, मग दोन पावलं, आणि मग खारू दारात उभी. गालावर उशीची वळी उमटलेली, केस एका बाजूने चप्प.

"झाली झोप," तिने जाहीर केलं.

"अगं, आत्ता तर झोपलीस. दहा मिनिटंसुद्धा झाली नाहीत."

"झाली."

साडेतीन वर्षांच्या माणसाशी वाद घालून कुणी जिंकलेलं माझ्या ऐकिवात नाही. मी लॅपटॉप मिटला. एकही हाक मारून झाली नव्हती.

हाक हा आमच्या ऑफिसातला शब्द. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक गळकी किटली, आणि जंगलाच्या कडेने राहणाऱ्या हरणांचा अभ्यास. पाच हरिणींच्या गळ्यात पट्टे बांधलेले आहेत. पट्टे जुन्या पद्धतीचे, आपण होऊन काही सांगत नाहीत. लॅपटॉपवर बटण दाबून विचारावं लागतं, बाई, कुठे आहेस? ही हाक. चार-पाच मिनिटांनी पट्टा आपली जागा कळवतो. ही ओ. ओ आली की नकाशावर एक ठिपका पडतो. प्रत्येकीला दिवसाला चारच हाका, कारण जास्त मारल्या की बॅटरी संपते, आणि मग त्या बिचारीला पुन्हा बेशुद्ध करून पट्टा बदलावा लागतो. असे रोजचे चार-चार ठिपके महिनोन्महिने साठले की त्या जनावराचा वावर दिसायला लागतो. कुठे चरतं, कुठे पाणी पितं, कुठे रवंथ करत बसतं, कुठून कुठे जातं.

हे काम मी घरून करायचे, खारू झोपली की. ती जागी असताना लॅपटॉप उघडायची सोयच नव्हती. एकदा मी दूध उतू जातंय म्हणून उठले, तेवढ्यात तिने तीन नंबरच्या हरिणीला अकरा हाका मारून ठेवल्या. आमच्या ऑफिसच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांना मी घाबरत घाबरत सांगितलं, तर म्हणाल्या, "बरं मग, या महिन्याचा पगार कुणाच्या नावाने काढू?"

तिचा बाबा बेकरीत. पहाटे तीनला भट्टीवर जातो, दुपारभर गाडीतून पाव पोचवतो, आणि घरी आला की जेवता जेवता पेंगतो. त्याला दोष नाही. पण त्यामुळे माझ्या हातात दिवसातले दोनच तास खरे माझे. दुपारी एक ते तीन.

आणि त्या बुधवारी चमच्याने तेही खाल्ले.

दुसऱ्या कुठल्या आठवड्यात मी एक दिवस सोडून दिला असता. पण शुक्रवारी अकरा वाजता बैठक होती. जंगल आणि नदीकाठ यांच्या मधून नवा रुंद रस्ता जाणार आहे. दोन्ही बाजूंना उंच जाळी, जनावरं गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून. आणि सात किलोमीटरमध्ये एकच भुयार, जनावरांना रस्त्याखालून पलीकडे जाता यावं म्हणून. ते एक भुयार कुठे खणायचं, हे आमच्या नकाशावरून ठरणार होतं. म्हणजे माझ्या नकाशावरून. चौदा महिन्यांचे ठिपके अगदी स्वच्छ बोलत होते. उत्तरेच्या टोकाला झाडांची दाट लागवड आहे, पाचही जणींचे ठिपके तिथे मुंग्यांसारखे गोळा झालेले. भुयार तिथेच. फक्त ताजे ठिपके घालून नकाशा गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.

दुपार खारूच्या मागे गेली. संध्याकाळी सव्वासहाला तिला उकडलेलं अंडं दिलं आणि सांगितलं, "आज साल तू काढायचं. एकटीने." हा माझा हुकमी एक्का. तिला साल काढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ ती घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिरासारखी खाली मान घालून बसते. मी ओट्यावरच लॅपटॉप उघडला आणि दोन नंबरला हाक मारली.

ओ आली. ठिपका पडला तो नदीकाठी. होणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे.

पट्टा बिघडला, मी मनात म्हटलं. आता बैठकीच्या तोंडावर हे. चार नंबरला हाक मारली. तीही नदीकाठी. एक नंबर, नदीकाठी. पाच नंबर, त्याच बाजूला, थोडी खाली. तीन नंबर तर बरोबर रस्त्याच्या रेषेवर उभी होती, दक्षिणेला, बंद पडलेल्या वीटभट्टीपाशी. माझ्या नकाशावर तिथे चौदा महिन्यांत एक ठिपका नव्हता.

पाच पट्टे एकाच दिवशी, एकाच पद्धतीने बिघडत नाहीत.

लॅपटॉपच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, मोठ्या बाईंच्या अक्षरातला. पहिली ओळ, "रोज चार हाका." दुसऱ्या ओळीवर खारूने कधीतरी बदकाचं स्टिकर लावलं. ते मी काढलं नाही, कारण बदक हसत होतं. पण बदकाखाली काय लिहिलंय हे मला ठाऊक नव्हतं असं मी कुणाला सांगणार नाही. "पहाट, दुपार, संध्याकाळ, रात्र." सुरुवातीला आठवडाभर मी गजर लावून उठलेही होते. मग खारूला ताप आला. आजच्या दिवस चारही हाका दुपारी मारू, म्हटलं. उद्यापासून पुन्हा. त्या "आजच्या दिवस"ने चौदा महिने मुक्काम ठोकला. हाका चार, ओ चार, तक्ता पूर्ण. तक्त्यात आकडा जातो, नकाशावर ठिपका पडतो. किती वाजताचा, हे ठिपका सांगत नाही.

त्याहून वाईट म्हणजे पहिल्या आठवड्यातले काही ठिपके वीटभट्टीकडे पडले होते. पुढच्या सगळ्या ठिपक्यांपासून ते इतके लांब दिसत होते की ते चुकीचे समजून मीच पुसून टाकले होते. साफसफाई म्हणून.

हरणं भर दुपारी काय करतात? सावलीत बसतात. रवंथ करतात, डुलक्या काढतात. चालणं-फिरणं सगळं पहाटे आणि संध्याकाळी. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी हरणांचा वावर काढलाच नव्हता. मी खारूच्या दुपारच्या झोपेचा नकाशा काढला होता, आणि त्याच्यावर भुयार खणायला निघाले होते.

"आई, बघ," खारूने अंडं वर धरलं. अर्धा पांढरा भाग सालीबरोबर गेला होता. "सगळं काढलं."

"शाबास," मी म्हटलं.

आमच्याकडे माग काढणारे एक काका आहेत. वय साठीच्या पुढे, अंगाने काटक, चालले तर वाळलेलं पानही वाजत नाही. म्हणून त्यांचं नाव चाहूलकाका. खरं तर उलटं हवं होतं. मागे एकदा चहा पिताना ते म्हणाले होते, "वीटभट्टीपाशी रोज ताजे खूर उमटलेले दिसतात बरं का." आणि मी, लॅपटॉप त्यांच्याकडे वळवून, हसून म्हणाले होते, "काका, नकाशात तिथे काहीच नाही. बकऱ्या असतील कुणाच्या." त्यांनी बशीत सांडलेला चहा तेवढा कपात ओतला.

त्यांना फोन लावला.

"बोल पोरी. काय हरवलं?"

"चौदा महिने," मी म्हटलं, आणि सगळं सांगितलं. बकऱ्यांसकट.

काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बकऱ्या मला फार लागल्या होत्या हो." आणि हसले. "उद्या पहाटे साडेपाचला वीटभट्टीपाशी ये. नकाशा घरी ठेव. डोळे आण."

"खारूला कुठे ठेवू? हा तीनलाच जातो."

"आण तिलाही. हाका मारण्यात तुझ्यापेक्षा तिचा हात मोठा आहे."

गुरुवारी पहाटे मी खारूला पांघरुणासकट उचललं. भट्टीच्या पडक्या भिंतीआड आम्ही तिघं बसलो. काकांनी आधी चिमूटभर माती हवेत सोडून वारा बघितला, आणि आम्हाला दोन हात डावीकडे सरकवलं. उजेड नुसता राखाडी होता. रस्तेवाल्यांनी ठोकलेले लाल टोकाचे खुंट ओळीने दिसत होते. खारू माझ्या मांडीवर, तिचा श्वास माझ्या मनगटावर. ही आत्ता काहीतरी विचारणार, आणि मोठ्याने विचारणार, या धास्तीने माझा जीव टांगणीला लागला होता.

गवत हललं. नदीच्या बाजूने एक हरिणी आली आणि कडेलाच थांबली. गळ्यात पट्टा, त्यावर आकडा. दोन नंबर. चौदा महिने मी हिला रोज विचारत होते कुठे आहेस, आणि पाहत मात्र पहिल्यांदाच होते. कान आधी पुढे, मग एक पुढे एक मागे, जणू दोन वेगळ्या कामांवर पाठवलेत. तिने पुढचा खूर जमिनीवर आपटला. थांबली. पुन्हा आपटला.

"विचारतेय," काका माझ्या कानात म्हणाले. "कोण आहे, म्हणून. हललात तर तेच उत्तर."

आम्ही हललो नाही. ती पुढे निघाली. तिच्या मागे, तिच्या शेपटीला नाक लावल्यासारखं, एक पाडस. त्याच्या मागे थोडं अंतर राखून एक तरुण हरिणी. ती जवळ आली तशी दोन नंबरने मान लांब करून कान मागे पाडले, आणि ती मुकाट दोन पावलं मागे सरकली.

"मागच्या वर्षीची लेक," काका पुटपुटले. "धाकटं झालं की मोठीला असंच लांब ठेवते. जाणार नाही पण कुठे. मुली आईच्या वावराला लागूनच आपला वावर धरतात. मुलगे जातात लांब."

माझी आई रेल्वेने नऊ तासांवर राहते. मी मुलग्यांतच जमा.

एकामागोमाग एक, अशी अकरा हरणं गेली. पायाखालची वाट वीतभर रुंद, पण घासून गुळगुळीत झालेली. सगळ्यांचे खूर त्याच वाटेवर. लाल खुंटाशी दोन नंबर थबकली, तो हुंगला, आणि वळसा घालून पुन्हा वाटेला लागली. पाडसाने तसाच खुंट हुंगला, तसाच वळसा घातला.

"बघ," काका म्हणाले. "वाट अशीच शिकतात. आईच्या मागून. हिला हिच्या आईने दाखवली, आता ही त्याला दाखवतेय. मी लहान होतो तेव्हाही इथूनच जायची."

शेवटचं हरीण झाडीत शिरलं तेव्हा खारूने इतका वेळ धरलेला श्वास सोडला. "मी बोलले नाही," ती कुजबुजली. "एकदाही."

शुक्रवारी तिलाही बैठकीला न्यावं लागलं. टेबलाखाली एक बिस्किटाचा पुडा देऊन बसवली. टेबलाभोवती मोठ्या बाई, चाहूलकाका, आणि रस्त्याचे इंजिनिअर. त्यांच्या खिशाला चार रंगांची पेनं. माझा जुनाच नकाशा मधोमध पसरलेला. आदल्या रात्री जेवताना मी नवऱ्याला विचारलं होतं, "नोकरी गेली तर?" तो पेंगता पेंगता जागा झाला आणि म्हणाला, "मग बेकरीत ये. पण तिथे चारदा हाक मारून चालत नाही, मालक चाळीसदा मारतो."

मी उभी राहिले. बसून सांगता आलं असतं, पण उभी राहिले.

"हा नकाशा चुकीचा आहे," मी म्हटलं. "ठिपके खरे आहेत, पण सगळे दुपारचे आहेत. चूक माझी आहे. बाईंना माहीत नव्हतं." मग बदकापासून बकऱ्यांपर्यंत सगळं सांगितलं, आणि बुधवारचे पाच ठिपके आणि अकरा हरणं.

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला. माझ्याकडे बघितलं नाही. नकाशाकडे बघत राहिल्या. "चौदा महिने," त्या म्हणाल्या. "आणि मी दर महिन्याला सही करत होते. मी वेळ एकदाही विचारली नाही."

इंजिनिअरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "म्हणजे बाई, आम्ही एका लहान मुलीच्या झोपेवर भुयार खणणार होतो?"

"मी झोपत नाही," टेबलाखालून आवाज आला.

आधी काका हसले. मग इंजिनिअर, अगदी नाइलाजाने. मोठ्या बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं आणि म्हणाल्या, "एक बिस्किट मला दे."

ते त्यांनी सावकाश खाल्लं. मग त्या माझ्याकडे वळल्या. "हे खणल्यावर सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. आज सांगितलंस, म्हणून आज काय करायचं ते बोलू. साहेब, किती दिवस देता?"

"सहा आठवडे. मग यंत्रं येतात. वर एक दिवस नाही. आणि बाई, नुसत्या अकरा हरणांवर मी जागा बदलणार नाही. मला ठिपके लागतील. चारही वेळांचे."

"मिळतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि ही एकटी मारणार नाही हाका. ही चूक एकटीवर टाकल्याची आहे."

मग त्या सहा आठवड्यांत आमच्या लॅपटॉपने हरणांइतकीच पायपीट केली. दुपारी तो माझ्याकडे. पाचला मोठ्या बाई स्वतः येऊन घेऊन जायच्या, संध्याकाळच्या हाका त्यांच्या. रात्री अकराच्या चाहूलकाकांच्या. त्यांना बटण कुठलं ते कळेना, म्हणून बटणावर खारूने दुसरं बदक लावून दिलं. आणि पहाटे तीनला बेकरीत जाताना माझा नवरा काकांच्या दारातून तो उचलायचा, पीठ मळून झालं की पाचच्या हाका मारायचा. दुपारी पावाची गाडी काढली की आधी लॅपटॉप घरी देऊन जायचा, तेव्हा कीबोर्डच्या फटींत मैदा. "चार नंबर आज उशिरा निघाली," तो जेवताना सांगायचा, शेजारच्या बाईबद्दल सांगावं तसं. आता पेंगायचा नाही. ठिपके कुठे पडले ते सांगितल्याशिवाय त्याला झोपच यायची नाही.

सहाव्या आठवड्याच्या शेवटी मोठ्या बाईंनी नकाशा टेबलावर पसरला. एका बाजूला लागवडीतला दुपारचा घोळका, दुसऱ्या बाजूला नदीकाठचा रात्रीचा पसारा, आणि दोन्हींच्या मधे, वीटभट्टीपाशी, ठिपक्यांची बारीक कंबर. सगळ्या जणी, सगळे दिवस, तिथूनच.

इंजिनिअर बराच वेळ वाकून बघत होते. "हे तर आंधळ्यालाही दिसेल," ते म्हणाले. मग लागवडीवर पेन टेकवून, "इथे आमच्या कामगारांच्या राहुट्या पडणार होत्या. ही हरणांची झोपायची जागा आहे म्हणता?"

"भर दुपारची," मी म्हटलं. "त्याची खात्री माझ्याइतकी कुणीच देऊ शकणार नाही."

राहुट्याही हलल्या.

शनिवारी सकाळी आम्ही सगळे वीटभट्टीपाशी गेलो. इंजिनिअरांनी उत्तरेला भुयारासाठी ठोकलेला खुंट उपटून गाडीत आणला होता. तो वाटेच्या कडेला ठोकला, आणि निळ्या रंगाचा डबा खारूसमोर ठेवला. "हं, मॅडम. एवढं टोक रंगवून द्या." तिने टोक रंगवलं, मूठ रंगवली, फ्रॉक रंगवला. माझ्या नवऱ्याने त्या दिवशी पावाची गाडी वाटेत थांबवली होती. ताजा पाव फोडून सगळ्यांना वाटला. काका खाली बसून मातीतले पहाटेचे खूर बोटाने मोजत होते. मोठ्या बाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला तेवढं पुरलं.

"हे दार?" खारूने खुंटाकडे बोट दाखवलं.

"हो. इथे रस्त्याखाली मोठ्ठं दार होणार."

"हरणांचं?"

"हरणांचं."

ती वाटेवर उकिडवी बसली. वीतभर रुंद वाट, जंगलाकडून येणारी, नदीकडे जाणारी. निळं बोट तिने एका खुरात घालून बघितलं, मग त्याच्या पुढच्यात, मग त्याच्या पुढच्यात.

"बाळ आईच्या मागून जातं," ती म्हणाली.

"हो."

"आणि ती आई तिच्या आईच्या मागून."

"हो गं."

ती उठली. दार होणार होतं त्या रिकाम्या जागेकडे तिने बघितलं, मग माझ्याकडे.

"पण आई, दार तर नवीन आहे. मग सगळ्यांत पहिली जाईल ती कुणाच्या मागून जाईल?"